लुईस शेतीच्या विरोधात नव्हते

'गरीब देशांनी शेतीचा नाद सोडून कारखाने काढावेत, असं नोबेलविजेते आर्थर लुईस सांगून गेले' असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

गैरसमज कुठून आला, ते कळतं. १९५४च्या त्यांच्या गाजलेल्या लेखात शेतीतले जादा हात थोड्या वाढीव मजुरीवर उद्योगांकडे वळतात, नफा पुन्हा गुंतवला जातो आणि अर्थव्यवस्था वाढते, अशी मांडणी आहे. लोकांनी एवढंच उचललं. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९५३ साली, गोल्ड कोस्टच्या (आजचा घाना) औद्योगिकीकरणावर अहवाल देताना त्यांनी पहिला क्रम लावला तो अन्नधान्याची उत्पादकता वाढवण्याला. अहवालाचा विषय उद्योग, हे विसरू नका! कारण साधं आहे: शेतकऱ्याच्या हातात पैसा नसेल तर कारखान्याचा माल घेणार कोण? आणि धान्य महागलं की मजुरीही वाढते, नफा आटतो.

पुढे ते घानाचे तेव्हाचे पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांचे सल्लागार झाले. खर्चिक प्रकल्पांवरून खटके उडाले आणि १९५८ अखेर त्यांनी घाना सोडला. १९७९चं नोबेलही त्यांना विभागून मिळालं, तेही शेतीचे अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांच्यासोबत.