सह्याद्रीवर प्रेम करणारे सह्याद्री बघतात का?

२ ऑक्टोबर आला की सगळ्यांच्या वॉलवर तेच फोटो फिरायला लागतात. १९७२ साली याच तारखेला मुंबई दूरदर्शन, म्हणजे आजचं सह्याद्री चॅनल, सुरू झालं, म्हणून मग गजरा, किलबिल, साप्ताहिकी असे जुने कार्यक्रम, बातम्यांतला प्रदीप भिडेंचा आवाज, बातम्या वाचणारी स्मिता पाटील आणि खाली कमेंटवर कमेंट, गेले ते दिवस वगैरे. मलाही ते सगळं आवडतं, नाही असं नाही. पण या कमेंटवाल्यांना विचारा की सह्याद्री तुमच्या सेट टॉप बॉक्सवर कितव्या नंबरला लागतं, निम्मे गप्प बसतील.

मला तर वाटतं या उमाळ्यानेच सह्याद्रीचं नुकसान झालंय. तेव्हा दुसरं चॅनलच नव्हतं हो, लागेल ते अख्खी चाळ बघायची, आमची माती आमची माणसं हा शेतीचा कार्यक्रम बघून कपाशीवरची औषधं दादरच्या माणसाला पाठ असायची! तो काळ परत येणार नाही आणि यायची गरजपण नाही. मालिका आणि कॉमेडी शो करायला बाकीचे पुष्कळ आहेत, सरकारी चॅनलने ते करावं जे धंद्यात बसत नाही.

२०२० आठवा. शाळा बंद, आणि जुलैमध्ये एमकेसीएलची (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) टिलीमिली ही शिकवणारी मालिका सह्याद्रीवर सुरू झाली, पहिली ते आठवी, बालभारतीच्या पुस्तकांवरून. ऑनलाइन क्लासच्या गप्पा आपण मारत होतो, पण घरात एकच फोन आणि तोही बाप कामावर घेऊन जातो अशा पोरांकडे टीव्हीच होता ना? कुठल्या खाजगी चॅनलने रोजचे तास त्यांना दिले असते, आणि जाहिरातवाल्यांना काय सांगितलं असतं?

बातम्यांचंही तेच. सकाळी एका पुढाऱ्याची पत्रकार परिषद, दुपारी दुसऱ्याचं उत्तर, रात्री त्यावर चार जणांची भांडणं, झाला दिवस. गडचिरोली दिसते ती चकमक झाली की, मराठवाडा दिसतो तो दुष्काळ नाहीतर मोर्चा असला की. याउलट पावसाळ्यात कोल्हापुरात जाऊन बघा, लोकांना हवी असते पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे तिथे शाळकरी पोरगंही सांगेल, कुठला रस्ता बंद, कुठली एसटी रद्द, आणि हे मुंबईच्या स्टुडिओतून कळत नाही, ते केबलवरचं लोकल चॅनल सांगतं. सह्याद्रीने हे काम सगळ्या ३६ जिल्ह्यांसाठी का करू नये?

करत नाही कारण दोरी दिल्लीच्या हातात. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अंमलात यायला १९९७ उजाडलं, कागदावर स्वायत्त, पण पगार केंद्राच्या तिजोरीतून. मग भाषणं लाइव्ह दाखवणार नाहीतर काय करणार. २०२४ मध्ये ऐन लोकसभा निवडणुकीत डीडी न्यूजचा लाल लोगो भगवा झाला, त्यावर बोंबाबोंब करणाऱ्यांच्या राज्यातही दूरदर्शन काही मोकळं नव्हतं, आणीबाणी आठवा.

वाईट याचं वाटतं की पोचायचं साधन हाताशी आहे. दूरदर्शनच्याच डीडी फ्री डिशची छत्री एकदा बसवली की महिन्याला रुपया द्यावा लागत नाही, गावोगावी ती दिसते, आणि तिथे जागा मिळावी म्हणून खाजगी चॅनलवाले लिलावात पैसे मोजतात. त्यातला थोडा पैसा जिल्ह्याजिल्ह्यात पूर्ण वेळ वार्ताहर ठेवायला वापरा की. रोज अर्धा तास, बाजार समितीतले भाव, धरणातलं पाणी, जिल्हा परिषदेत कुठलं बिल कुणी अडवलं. आणि मंत्र्यांनी फीत कापलेली दाखवायचीच असेल तर तो पूल किती वर्षं रखडला होता तेही त्याच बातमीत सांगा, मी रोज बघेन.