स्तर तीन, चप्पल नऊ

माझ्या उजव्या चपलेचा अंगठा २८ जून २०२१ रोजी, सोमवारी, दुपारी सव्वाचारच्या सुमारास कार्यालयातून घरी येताना तुटला. वेळ इतकी नेमकी लक्षात राहण्याचे कारण असे की, कोरोनामुळे पुण्यातील दुकाने पुन्हा दुपारी चार वाजता बंद करण्याचा आदेश त्याच दिवसापासून लागू झाला होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शटरे खाली येऊन जेमतेम पंधरा मिनिटे झाली होती. त्याआधीचे दोन आठवडे, म्हणजे १४ जूनपासून, हीच दुकाने संध्याकाळी सातपर्यंत उघडी होती. त्या दोन आठवड्यांत मी याच चपला घालून शहरभर हिंडलो, चपलांच्या दुकानावरून किमान दोनदा गेलो, आणि तिने एकदाही कुरकुर केली नाही. शासनाचा आदेश आमच्या घरात माझ्याआधी चपलेने वाचला असावा, असा माझा आजही संशय आहे. पायीची वहाण पायीच बरी, असे म्हणतात. माझी हातात होती, आणि मी कर्वे रस्त्याच्या पदपथावर एका पायाने अनवाणी उभा होतो.

पाच स्तरांची ती व्यवस्था आता बहुतेक लोक विसरले असतील, म्हणून थोडक्यात सांगतो. दुसऱ्या लाटेचा जोर ओसरल्यावर ४ जूनच्या आदेशाने जिल्हे आणि मोठी शहरे पाच स्तरांत विभागली गेली. तपासलेल्या शंभर नमुन्यांपैकी किती बाधित निघतात आणि प्राणवायूच्या किती खाटा व्यापलेल्या आहेत, यावर स्तर ठरायचा. बाधितांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आणि खाटा पंचवीस टक्क्यांच्या आत भरलेल्या असतील तर पहिला स्तर आणि बहुतेक सगळे खुले. प्रमाण वीस टक्क्यांच्या वर गेले की पाचवा स्तर आणि बहुतेक सगळे बंद. दर गुरुवारी आकडे पाहायचे आणि सोमवारपासून त्याची अंमलबजावणी करायची, अशी ती शिस्तशीर योजना होती. तिचा जन्म मात्र तितका शिस्तशीर नव्हता. ३ जूनला दुपारी एका मंत्रिमहोदयांनी निर्बंध उठत असल्याचे जाहीर केले आणि संध्याकाळपर्यंत असा कोणताही निर्णय अद्याप झालेला नसल्याचा खुलासा शासनाकडून आला. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्या मधल्या काही तासांत दोन सहली ठरून रद्दही झाल्या.

तिसऱ्या स्तराचा माझ्यापुरता अर्थ फार सुटसुटीत होता. अत्यावश्यक नसलेली दुकाने सोमवार ते शुक्रवार दुपारी चारपर्यंत उघडी आणि शनिवार-रविवार पूर्ण बंद. खासगी कार्यालयेही चारपर्यंतच. पाचनंतर संचारबंदी. म्हणजे ज्या क्षणी मी कामातून मोकळा होत असे, नेमक्या त्याच क्षणी चपलांचा दुकानदारही त्याच्या कामातून मोकळा होत असे. चार ते पाच या तासात आम्ही दोघेही आपापल्या घरी जात होतो, बहुधा एकाच सिग्नलला थांबतही होतो. त्याच्याकडे चप्पल होती, माझ्याकडे पैसे होते, आणि आमची गाठ पडू नये याची तजवीज अतिशय विचारपूर्वक करण्यात आली होती.

तुटलेली चप्पल दुरुस्त करावी, हा पहिला विचार अर्थातच सौभाग्यवतींचा. परंतु आमच्या कोपऱ्यावर पिंपळाखाली बसणारे चप्पल दुरुस्तीवाले काका एप्रिलमध्ये गावी गेले होते ते परतले नव्हते. त्यांची लाकडी पेटी तेवढी झाडाला साखळीने बांधलेली होती. मग मी सेफ्टीपिन लावून पाहिली, आणि तिने अंगठ्याला सोडून माझ्या अंगठ्याला धरले. ऑनलाइन मागवण्याचा सल्ला मला ज्यांनी ज्यांनी दिला, त्यांना एवढेच सांगतो की तोही मार्ग मी चोखाळला. आलेली चप्पल नऊ नंबरचीच होती, पण तो नऊ कोणत्या देशाचा होता कोण जाणे. तिच्यात माझे पाऊल आणि शिवाय एक संत्रे राहू शकले असते. ती परत न्यायला येणारा मुलगा तीन वेळा 'आज येतो' म्हणाला आणि आठव्या दिवशी आला.

तोवर मी न्हाणीघरातील निळ्या पट्ट्याच्या सपाता घालून कार्यालयात जाऊ लागलो होतो. सपातांविषयी माझी मूळची काहीच तक्रार नाही. परंतु पावसाळ्यात सपाता घालून चालणाऱ्या माणसाच्या विजारीच्या मागच्या बाजूला, टाचेपासून थेट कमरेपर्यंत, चिखलाच्या शिंतोड्यांची जी नक्षी उमटते ती त्याला स्वतःला दिसत नाही आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला दिसते. कार्यालयात मुखपट्टीमुळे आमचे चेहरे अर्धे झाकलेले असत. त्यामुळे सहकारी मला सपातांच्या फटक-फटक आवाजावरून आणि विजारीवरून ओळखू लागले.

या काळात मला शासकीय आदेश मुळातून वाचण्याचे व्यसन लागले. पूर्वी मी विजेच्या बिलाची मागची बाजूसुद्धा वाचत नसे. आता अत्यावश्यक सेवांची यादी मला पाठ होती. त्या यादीत, आगामी पावसाळ्यासाठी लागणाऱ्या साहित्याची दुकाने, असे एक कलम मला सापडले तेव्हा मला गुप्तधन सापडल्यासारखे झाले. अत्यावश्यक दुकाने शनिवार-रविवारीही चारपर्यंत उघडी असत. पुण्यात जुलै महिन्यात रबरी चप्पल हे जर पावसाळी साहित्य नसेल, तर मग पावसाळी साहित्य म्हणजे तरी काय, असा बिनतोड युक्तिवाद मनात घोळवत मी शनिवारी सकाळी लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका बोळातील दुकानात पोहोचलो. दुकानाचे शटर अर्धे उघडे होते. दर्शनी भागात छत्र्या आणि रेनकोट टांगले होते आणि त्यांच्या मागे, निळ्या प्लास्टिकच्या पडद्याआड, चपला स्पष्ट दिसत होत्या.

"काका, छत्री घ्या. रेनकोट घ्या. चपलेला हात लावता येणार नाही," दुकानदाराने मी तोंड उघडण्याआधीच सांगितले.

"पण ही पावसाळी चप्पल आहे ना?"

"तुमच्या-माझ्यासाठी आहे हो. दंड करणाऱ्याला ती नुसती चप्पल दिसते."

त्याने मला 'काका' म्हटल्याचे दुःख बाजूला ठेवून मी त्याला कलम म्हणून दाखवले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सोमवारी या. चारच्या आत." शेवटी रिकाम्या हाताने परतणे बरे दिसेना म्हणून मी एक छत्री घेतली. घरात आधीच तीन छत्र्या होत्या. चौथी पाहून सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "अहो, आता ही पायात घाला."

निर्बंध असण्याविषयी माझी तक्रार नव्हती, हे इथे सांगितले पाहिजे. एप्रिलमधील रात्री रुग्णवाहिकांचे भोंगे ऐकत ज्यांनी काढल्या, प्राणवायूची खाट मिळावी म्हणून ज्यांनी एकेका ओळखीच्या माणसाला चार-चार फोन केले, त्यांच्यासमोर चपलेची कथा सांगण्याची मला लाज वाटते; आमच्या इमारतीतही दोन दारांवरच्या पाट्यांवर आता एकेक नाव कमी आहे. मे महिन्यात दुकाने वर्षभर बंद ठेवा असे कोणी म्हटले असते, तर मी मान डोलावली असती. माणूस चिडतो तो 'आज संध्याकाळपर्यंत निर्णय अपेक्षित' या वाक्याने. बंद दाराशी माणूस जुळवून घेतो. किलकिल्या दारापाशी त्याला दीड महिना उभे केले की तो कडीशी चाळे करू लागतो.

त्यातच जूनच्या अखेरीस डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकाराच्या भीतीने नवा आदेश निघाला होता, की आकडे कितीही चांगले असले तरी पुढील आदेशापर्यंत कोणालाही तिसऱ्या स्तराच्या वर चढता येणार नाही. म्हणजे परीक्षा दर आठवड्याला होणार, निकालही लागणार, पण वरच्या वर्गात कोणालाच घालणार नाहीत. असे असूनही आमच्या इमारतीतील तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका दर गुरुवारी जिन्यात उभे राहून निकाल वाचून दाखवत. शहराचा आकडा बरा, ग्रामीण भागाचा वाईट, जिल्हा मात्र एकच, अशी त्यांची मांडणी असे आणि ती ऐकताना आम्ही सगळे असे काही गंभीर होत असू की जणू काकांनी प्रमाण अर्ध्या टक्क्याने कमी केले असते तर ते तिथल्या तिथे कमी झाले असते.

जुलैच्या तिसऱ्या शुक्रवारी मी निर्वाणीचे पाऊल उचलले आणि अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कारणाच्या रकान्यात 'चप्पल' असे लिहिणे प्रशस्त वाटेना, म्हणून 'अत्यावश्यक वैयक्तिक खरेदी' असे लिहिले. साहेबांनी अर्ज वाचला, टेबलाखाली वाकून माझ्या पायांकडे पाहिले आणि एक शब्दही न बोलता सही केली.

आता पुण्याबाहेरचे वाचक गालातल्या गालात हसू लागले असतील, की हा गृहस्थ दुपारी गेला म्हणजे दुकान एक ते चार बंदच असणार. तसे झाले नाही. दुकान उघडे होते. एवढेच की माझ्यासारखीच रजा बऱ्याच जणांनी काढली होती. एका वेळी पाच गिऱ्हाइकांनाच आत प्रवेश होता आणि बाहेर चुन्याने आखलेल्या वर्तुळांमध्ये लोक उभे होते. पावसाने अर्धी वर्तुळे पुसली होती, तेव्हा प्रत्येक जण आपापल्या कल्पनेतील वर्तुळात उभा होता आणि दुसऱ्याच्या कल्पनेवरून वाद चालू होता. माझा क्रमांक लागला तेव्हा चार वाजायला बारा मिनिटे होती.

तपकिरी रंगाची, साधी, मागे पट्टा नसलेली चप्पल मी बोटाने दाखवली. दुकानदाराने डावी काढून दिली. मी ती घातली. ती अशी बसली की जणू माझे पाऊल मापाला नेऊनच कोणी बेतली असावी. अडीच आठवड्यांनी माझ्या एका पायाला माणसांत आल्यासारखे वाटले.

"उजवी?" मी विचारले.

"उजव्या सगळ्या माळ्यावर," तो म्हणाला, आणि त्याने मुलाला वर पिटाळले. मुलगा शिडीवरून माळ्यात कमरेपर्यंत अदृश्य झाला. वरून खोकी सरकवल्याचे आवाज येऊ लागले. "आठ आहे!" तो ओरडला. मग "दहा आहे!" भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला चार मिनिटे होती. तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी पोलिसांच्या गाडीचा कर्णा ऐकू आला, दुकाने बंद करा, दुकाने बंद करा. दुकानदाराने माझ्याकडे पाहिले, मी माळ्यातून लोंबणाऱ्या दोन पायांकडे पाहिले.

"काका, सोमवारी या," तो म्हणाला, आणि खाली वाकून, अत्यंत आदराने, त्याने माझ्या पायातली डावी काढून घेतली.

त्यानंतर मी सोमवारी गेलो नाही. इतका अपमान झाल्यावर पुन्हा रजा मागण्याचे बळ माझ्यात उरले नव्हते. २ ऑगस्टला मात्र बातमी आली, की राज्यातील बहुतेक जिल्ह्यांत दुकाने रात्री आठपर्यंत खुली. सपातांसह मी खुर्चीवरून उठलो. पुढची ओळ अशी होती, की अकरा जिल्ह्यांत तिसऱ्या स्तराचेच निर्बंध कायम, आणि त्या अकरांत पुणे होते. पाठोपाठ नागपूरच्या साडूंचा फोन आला. साडू हे नाते मुळातच तुलनेसाठी निर्माण झालेले आहे. "आमच्याकडे तर आता आठपर्यंत हो," ते म्हणाले, आणि मग अगदी सहज, "तुमचं काय झालं ते, चपलेचं?" त्यांच्या मागे बाजाराचा गजबजाट ऐकू येत होता. माझी खात्री आहे की ते मुद्दाम बाजारात जाऊन फोन करत होते.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर व्यापाऱ्यांनी घंटानाद केला. घंटेचा निर्णयांवर काय परिणाम होतो हे मला ठाऊक नाही, परंतु तो आवाज मला कानाला गोड लागला एवढे खरे. शेवटी ८ ऑगस्टला, रविवारी, जाहीर झाले की सोमवारपासून पुण्यातही दुकाने आठपर्यंत. आमच्या जिन्यात पेढे वाटले गेले.

आणि सोमवारी मी चप्पल आणायला गेलो नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी पाऊस होता. "आता काय, आठपर्यंत उघडं असतं, कधीही जाता येईल," असे मी म्हणालो, तेव्हा सौभाग्यवतींनी माझ्याकडे जे पाहिले त्याचे वर्णन करणे शक्य नाही. दीड महिना चारच्या ठोक्याला तळमळणाऱ्या मला आता चार तास हाताशी असताना उठवत नव्हते. पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला मी सपातांतच उभा होतो.

त्यानंतरच्या शनिवारी मात्र गेलो. बोळात चुन्याची वर्तुळे नव्हती, पडदा नव्हता, छत्र्या मागे गेल्या होत्या आणि चपला पुढे आल्या होत्या. दुकानदाराने मला लगेच ओळखले आणि गल्ल्याखालून ती तपकिरी डावी काढली. माझ्यासाठीच वेगळी ठेवली होती म्हणे. मुलाने शिडीशिवाय, हात लांबवून, उजवी आणून दिली. दोन्ही पायांत घालून मी दुकानातच चार पावले चाललो. फटक-फटक आवाज आला नाही.

"घालूनच जाता का बांधून देऊ?" दुकानदाराने विचारले.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. चार वाजायला पाच मिनिटे होती.

"घालूनच जातो," मी म्हणालो, सुट्टे पैसे तसेच ठेवून घ्यायला सांगितले, आणि जवळजवळ पळतच शटरबाहेर आलो.