सॉकेट ७ मध्ये बसला म्हणजे चालेलच असं नाही

जुनी पेंटियम मशीन पुन्हा उभी करणाऱ्यांमध्ये एक सल्ला कायम फिरतो: “सॉकेट ७ चा बोर्ड आहे ना? मग के६-२ ५०० घ्या आणि बसवा. पिना सारख्याच, बायोस आपोआप ओळखतो, मशीन ५०० मेगाहर्ट्झने पळतं.” सॉकेट ७ म्हणजे त्या काळच्या मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा, के६-२ ५०० म्हणजे एएमडीचा ५०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, आणि बायोस म्हणजे मशीन सुरू होताच चालणारा बोर्डवरचा प्रोग्राम. या सल्ल्यापायी चांगले बोर्ड आणि चिप वाया जातात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासून पाहू.

“पिना सारख्याच.” बसण्यापुरत्या, हो. पण व्होल्टेजचं काय? साध्या पेंटियमला (७५ ते २०० मेगाहर्ट्झ) एकच व्होल्टेज लागतं, ३.३ ते ३.५ व्होल्टच्या आसपास. जानेवारी १९९७ मध्ये आलेल्या पेंटियम एमएमएक्सला दोन लागतात: कोअरला (चिपच्या आतल्या मुख्य भागाला) २.८, आय/ओला (बाहेरच्या जोडण्यांना) ३.३. मे १९९८ च्या के६-२ चा कोअर बहुतेक २.२ वर चालतो. १९९५-९६ चे कितीतरी बोर्ड मात्र एकच व्होल्टेज देतात. उष्णता साधारण व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे २.२ च्या चिपला ३.३ दिले की ती सव्वादोन पट तापते. एमएमएक्स ३.३ वर काही काळ तग धरतो, आणि “माझ्याकडे तर चालतोय” हे तिथूनच येतं.

चिप हातात घेऊन वाचा. के६-२ वर कोअर आणि आय/ओ, दोन्ही व्होल्टेज छापलेले असतात. मॉडेलच्या शेवटी ‘एएफएक्स’ असेल तर मधल्या ‘एफ’चा अर्थ २.२, ‘एएचएक्स’ मधला ‘एच’ म्हणजे २.४. मग बोर्डवरचा किंवा मॅन्युअलमधला जम्परचा (सेटिंग बदलण्यासाठी पिनांवर लावायच्या छोट्या टोपीचा) तक्ता बघा. त्यात २.२ नसेल तर ती चिप त्या बोर्डासाठी नाही.

२.२ असलं तरी रेग्युलेटरकडे, म्हणजे बोर्डवर व्होल्टेज कमी करणाऱ्या भागाकडे, लक्ष द्या. लिनिअर रेग्युलेटर ५ चे २.२ करताना उरलेले २.८ व्होल्ट उष्णतेत घालवतो. समजा चिप ८ अँपिअर घेते, तर एकट्या रेग्युलेटरवर २२ वॉट. हीटसिंक चिमुकला असेल तर शेजारचे कपॅसिटर आधी सुकतात, मग मशीन विनाकारण हँग होऊ लागतं, आणि दोष रॅमवर जातो.

आणखी एक गफलत: सॉकेट ५ दिसायला तसाच, पण त्याला ३२० भोकं असतात आणि के६-२ ला ३२१ पिना. पिन कापून बसवायचा प्रयत्न करू नका. तिथे व्होल्टेजही एकच असतं.

“५०० ने पळतं.” ६६ मेगाहर्ट्झ बसच्या बोर्डावर नाही. वेग म्हणजे बस (बोर्डचा मूळ वेग) गुणिले मल्टिप्लायर (चिप त्याच्या किती पट धावते तो आकडा), आणि मल्टिप्लायर बोर्डवरच्या बीएफ नावाच्या जम्परनी ठरतो. ज्या बोर्डावर बीएफ२ चा जम्पर नाही, तिथे के६-२ ला २.५, ३, ३.५ आणि ६ एवढेच पर्याय मिळतात. हा ६ मात्र कामाचा: सीएक्सटी या सुधारित कोअरच्या चिप (४०० आणि त्यापुढच्या सगळ्या) २ चा जम्पर ६ समजतात, म्हणून ६६ × ६ = ४००. ५०० ची चिपही इथे ४०० वरच थांबते. १०० ची बस हवी तर व्हीआयए एमव्हीपी३ किंवा एएलआय अलादीन ५ चिपसेटचा (बोर्ड चालवणाऱ्या मुख्य चिपांचा) सुपर ७, म्हणजे सॉकेट ७ ची वेगवान आवृत्ती असलेला, बोर्ड शोधा.

“बायोस ओळखतो.” जुना बायोस अनेकदा भलतंच नाव दाखवतो. नावाने काही बिघडत नाही, पण के६ ची राइट अलोकेशन (मेमरीत लिहिणं वेगवान करणारी) सुविधा तो चालू करत नाही आणि वेग कमी राहतो. डॉसमधल्या छोट्या युटिलिटीने ती चालू करता येते. विंडोज ९५ वर ३५० आणि त्यापुढच्या के६-२ ला सुरुवातीलाच ‘विंडोज प्रोटेक्शन एरर’ येऊ शकतो. त्यासाठीचा पॅच चिप बदलण्याआधी, जुन्या प्रोसेसरवर चालवून ठेवा. नंतर विंडोजच उघडत नाही.

सोबत रॅमही भरणार असाल तर ४३०एफएक्स, व्हीएक्स आणि टीएक्स हे चिपसेट ६४ एमबीपुढची रॅम कॅशे (वेगवान तात्पुरत्या मेमरीत ठेवण्याचं काम) करत नाहीत. १२८ भरली की मशीन उलट मंदावू शकतं.

मग घ्यायचं काय? एकाच व्होल्टेजचा बोर्ड असेल तर पेंटियम ओव्हरड्राइव्ह एमएमएक्स, म्हणजे जुन्या बोर्डांसाठीचा इंटेलचा अपग्रेड प्रोसेसर. त्याच्या अंगावरच रेग्युलेटर आहे आणि मल्टिप्लायर ठरलेला. २.८ देणाऱ्या बोर्डावर एमएमएक्स २३३ सगळ्यात बिनघोर: १.५ चा जम्पर लावा, चिप तो ३.५ समजते. के६-२ फक्त २.२ छापलेल्या बोर्डावर, आणि पहिला तासभर रेग्युलेटरच्या हीटसिंकवर तापमापक ठेवून.