‘खडकीचा जुना स्टॉपर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

‘खडकीचा जुना स्टॉपर’ अशी सही केलीत आणि १९७४ पासून खेळत होतो असं लिहिलंत, म्हणून काका म्हणतोय. राग मानू नका. तुमची प्रतिक्रिया मी तीन-चार वेळा वाचली. दोन ओळींत आटपण्यासारखी ती नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. फुटबॉलमध्ये खेळाडूंच्या सुरक्षेसाठी आलेल्या नियमांना, म्हणजे लहान मुलांना हेडर (डोक्याने चेंडू मारणं) बंद, डोक्याला मार लागला तर जादा बदली खेळाडू, यांना चाहते नाकं का मुरडतात यावर मी मागच्या लेखात लिहिलं होतं. काकांचं म्हणणं असं: हा अंगाला अंग भिडवून खेळायचा खेळ आहे, नियम करणारे मुरमाच्या मैदानावर कधी पडलेले नाहीत. हेडर गेला की स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, गेला. जादा बदली म्हणजे लबाडीला परवाना, ‘गहुंज्याला काय झालं ते अख्ख्या पुण्याने पाहिलं’. आणि शेवटी, ‘मी डोक्याला सहा टाके घालून परत मैदानात उतरलो होतो, कुणी जबरदस्ती केली नव्हती. माझं डोकं, माझा निर्णय.’

आधी माझी चूक कबूल करतो. ‘शिट्ट्या मारणाऱ्यांना माणसाच्या डोक्यापेक्षा स्कोअर प्यारा’ असं मी लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेतो. तुमचं वाचल्यावर गेल्या काही वर्षांत ऐकलेल्या शिट्ट्या आठवून पाहिल्या. लोक शिट्ट्या कधी मारतात? एका गोलने पुढे असलेल्या संघाचा खेळाडू ८५ व्या मिनिटाला साधा धक्का लागून डोकं धरून आडवा होतो, तेव्हा. डोक्याचा मार दिसला की रेफरी खेळ थांबवतो, हे खेळाडूंना पाठ झालंय. समोरचा संघ मोकळ्यात चेंडू घेऊन निघालेला असतो आणि इकडे एक जण कपाळ धरून लोळतो. रेफरीची शिट्टी वाजते, चढाई तिथेच मरते. पाण्याची बाटली येते, पाठीवर थाप पडते आणि मिनिटभरात तोच गडी उजव्या बगलेतून सुसाट पळताना दिसतो. हे दहा वेळा पाहिलेला माणूस अकराव्या वेळी खऱ्या जखमीलाही ‘ऊठ की रे, पुरे झालं नाटक’ म्हणणारच. तो क्रूर नाही, फसवला गेलेला आहे. हे मी लेखात लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही.

गहुंज्याचंही तसंच. तिथल्या क्रिकेटच्या मैदानावर ३१ जानेवारी २०२५ ला भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी होती. शेवटच्या षटकात जेमी ओव्हरटनचा चेंडू शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. तपासणी झाली, दुबे पुढे खेळला, ५३ धावांवर डावाच्या शेवटच्या चेंडूला धावबाद झाला. मग क्षेत्ररक्षणाच्या वेळी त्याच्या जागी कन्कशन बदली (डोक्याला मार लागलेल्याच्या जागी येणारा खेळाडू) म्हणून हर्षित राणा आला आणि त्याने ३ बळी घेतले. भारत १५ धावांनी जिंकला. फलंदाजी करणाऱ्या, जमली तर दोन षटकं टाकणाऱ्या माणसाच्या जागी पूर्ण वेळचा वेगवान गोलंदाज! जॉस बटलरने उघड नाराजी सांगितली, आणि खरं सांगायचं तर माझ्या ओळखीच्या अनेक भारतीय चाहत्यांनाही ते पटलं नव्हतं. मलाही नाही. पण काका, पुढे काय झालं तेही पाहा. आयसीसीने कन्कशनचा नियम रद्द केला नाही. बदली कोण असतील त्यांची नावं सामन्याआधीच द्यायची, अशी अट घातली. भोक पडलं म्हणून कुणी घागर फेकून दिली नाही.

आणि फुटबॉलच्या नियमात हे भोक जवळपास नाहीच. एका संघाने डोक्याच्या मारासाठी जादा बदली वापरली की समोरच्या संघालाही एक जादा बदली मिळते. शिवाय बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. म्हणजे लबाडी करायची तर आपला एक माणूस कायमचा गमवायचा आणि शत्रूला ताज्या दमाचा एक भेट द्यायचा. हा सौदा कोण करेल? याची चाचणी जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाली, प्रीमियर लीगमध्ये त्याच फेब्रुवारीत आली, आणि २०२४ पासून नियमपुस्तकात तिला पक्की जागा मिळाली. ज्या स्पर्धेला हवी तिने घ्यावी, अशी.

आता ‘माझं डोकं, माझा निर्णय’. तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेत याच वाक्यापाशी मी थांबलो, कारण हेच वाक्य मी एकदा ऐकलंय आणि मानलंय.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आंतरमहाविद्यालयीन सामना, मी कर्णधार. कॉर्नर आला, आमचा सेंटर हाफ आणि त्यांचा फॉरवर्ड एकाच वेळी उडाले आणि कवटीवर कवटी आदळली. तो आवाज अजून कानात आहे, नारळ दगडावर फोडतात तसा. आमचा गडी पडला, काही सेकंद हललाच नाही. मग उठून बसला. आम्ही तोंडावर पाणी मारलं, कुणीतरी कांदा शोधत होतं. मी विचारलं, ‘खेळतोस ना?’ तो म्हणाला, ‘मला काही झालेलं नाही, मी खेळणार.’ मला हवं तेच उत्तर मिळालं होतं. बदली खेळाडू होता, पण कच्चा होता. मी त्याला ठेवला. तो उरलेला अर्धा तास खेळला, दोन-तीनदा चेंडू डोक्यावरही घेतला. सामना संपल्यावर बूट सोडता सोडता मला म्हणाला, ‘पहिला हाफ कितीवर संपला रे?’ मला वाटलं गंमत करतोय. मग त्याने विचारलं, आपण कुणाशी खेळलो.

त्याला त्या संध्याकाळी मी एकट्याला सायकलवर घरी जाऊ दिलं. रात्री उलट्या सुरू झाल्या. पुढचे दोन महिने तो उजेडात डोळे उघडू शकत नव्हता, पुस्तकाची ओळ धरू शकत नव्हता. त्या वर्षीची परीक्षा बुडाली. आज तो ठणठणीत आहे, भेटतो, पण त्या सामन्याचा अर्धा तास त्याच्याकडे कधीच परत आला नाही.

पुढे २०१४ च्या फुटबॉल वर्ल्ड कप फायनलमधलं जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरचं वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. अर्जेंटिनाच्या एझेकिएल गारायचा खांदा त्याच्या जबड्यावर लागला, साधारण १७ व्या मिनिटाला. तो उठला आणि खेळत राहिला. थोड्या वेळाने रेफरी निकोला रिझोलीपाशी जाऊन त्याने विचारलं की ही फायनलच आहे ना? रिझोलीला चेष्टा वाटली. त्याने पुन्हा विचारलं. मग रिझोलीने क्रामरचा सहकारी श्वाइनस्टायगरला सांगितलं आणि ३१ व्या मिनिटाला क्रामरला बाहेर काढलं. जगातला सगळ्यात मोठा सामना, डॉक्टरांची फौज, कोट्यवधी माणसं टीव्हीसमोर, आणि चौदा मिनिटं कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्या स्वतःच्या तर नाहीच.

काका, गुडघा गेला तर पाय टेकवत नाही, गुडघाच सांगतो. डोक्याला मार लागला तर ‘मी ठीक आहे’ हे ठरवणारं यंत्रच बिघडलेलं असतं. मग ‘माझा निर्णय’ मधला ‘मी’ त्या क्षणी कोण असतो? माझ्या मित्राने हिंमत दाखवली असं आम्ही तेव्हा म्हणालो. तो निर्णय घेण्याच्या अवस्थेतच नव्हता. निर्णय माझा होता आणि मी तो त्याच्या गळ्यात टाकला. हे सगळे नियम मला पटतात ते एवढ्याच एका कारणाने: निर्णय ज्याला मार लागला त्याच्या हातून आणि ज्याला जिंकायचंय त्याच्याही हातून काढून घ्यायला हवा.

एक विचारू? तुमच्या त्या सहा टाक्यांच्या सामन्याचा दुसरा हाफ तुम्हाला स्वतःला आठवतो, की इतरांनी सांगितलेला आठवतो? मनापासून विचारतोय.

खेळ मवाळ झाला, ही तक्रार खेळाइतकीच जुनी आहे. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनचे नियम ठरत होते, तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारणं कायदेशीर असावं की नाही यावर भांडण पेटलं. ब्लॅकहीथ क्लबचे कॅम्पबेल म्हणाले, हे काढलंत तर खेळातली सगळी हिंमत जाईल, मग मी फ्रेंच लोक आणतो आणि आठवडाभराच्या सरावात ते तुम्हाला हरवतील. ब्लॅकहीथ बाहेर पडला. १८७१ मध्ये रग्बीची संघटना स्थापन झाली, तिच्यात हा क्लब होता, आणि त्या संघटनेनेही लाथा मारण्यावर बंदीच घातली. नंतर नडगीचे पॅड सक्तीचे झाले १९९० मध्ये. मागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड आलं १९९८ मध्ये. तेव्हाही ‘आता बचाव कसा करायचा’ अशी ओरड झाली. पण हॉलंडचा फॉरवर्ड मार्को व्हॅन बास्टन घोट्याच्या दुखापतीपायी वयाच्या २८ व्या वर्षी शेवटचा सामना खेळला, त्यात नुकसान कुणाचं झालं? बघणाऱ्यांचंच ना? आता एका सामन्यात पाच खेळाडू बदलता येतात, त्याबद्दलही तुम्ही तक्रार केलीत, त्यावर मी भांडत नाही. त्यात श्रीमंत संघांचं फावतं हे खरं आहे.

हेडरबद्दल मात्र भांडतो. मोठ्यांचा हेडर कुणी काढलेला नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बंद झाला. इंग्लंडने २०२४-२५ च्या हंगामापासून अकरा वर्षांखालच्या सामन्यांतून टप्प्याटप्प्याने काढायला घेतलाय. एवढंच. कारण ग्लासगोत २०१९ मध्ये जे बाहेर आलं ते डोळेझाक करण्यासारखं नाही. स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंची तुलना बाकीच्या लोकांशी केली, तर मेंदू झिजण्याच्या आजारांनी होणारे मृत्यू खेळाडूंमध्ये साडेतीन पट निघाले. त्याच पाहणीत हे खेळाडू हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कॅन्सरने कमी मेले, हेही सांगतो. खेळ शरीराला चांगला आहे, फक्त डोक्याचा हिशोब वेगळा आहे. स्वीडनमधल्या २०२३ च्या अभ्यासात आकडा दीड पटच आला, पण तिथे एक गोष्ट लख्ख दिसली: गोलकीपरना हा वाढीव धोका नव्हता. सतत डोकं कोण वापरतं आणि कोण नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं?

‘आम्ही भिजलेला चामड्याचा चेंडू डोक्यावर घेतला’ असं लिहिलंत. १९६६ साली वर्ल्ड कप जिंकणाऱ्या इंग्लंडच्या अकरा जणांनीही तोच घेतला. त्यांतल्या पाच जणांना, विल्सन, पीटर्स, स्टाइल्स आणि चार्लटन बंधूंना, उतारवयात स्मृतिभ्रंशाने गाठलं. प्रत्येकाचं कारण हेडरच होतं असं मी म्हणणार नाही. पण इंग्लंडच्या वेस्ट ब्रॉमविच क्लबचा फॉरवर्ड जेफ ॲस्टल २००२ मध्ये ५९ व्या वर्षी गेला, तेव्हा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याचा मृत्यू धंद्यातून आलेल्या आजाराने झाला असा निर्वाळा दिला होता. त्याचा धंदा हेडरचा होता. आजचा चेंडू पाणी पीत नाही हे खरं, पण तो येतो जास्त वेगाने.

रविवारी सकाळी मी दहा वर्षांखालच्या मुलांना शिकवतो. हेडर बंद केला त्या महिन्यात दोन पालक माझ्यावर चिडले, एकाने मुलाला काढून दुसरीकडे घातलं. बाकीची पोरं उंच चेंडू छातीवर घ्यायला लागली. काही सुंदर घेतात, काहींना अजून जमत नाही, हनुवटीवर आपटून घेतात. हेडर चौदाव्या वर्षी शिकता येतो. मान तोवर जाड झालेली असते.

तुमचा राग जिथे योग्य जागी जाईल ती जागा सांगू? सध्याचा नियम अर्धवट आहे. डॉक्टरला मैदानावर तीन मिनिटं मिळतात, आणि संशय आला तर खेळाडू कायमचा बाहेर. त्यामुळे डॉक्टरवरही दडपण येतं, स्टार खेळाडू काढायचा कसा? रग्बीत संशयित खेळाडूला बारा मिनिटं आत नेऊन शांतपणे तपासतात, तोवर तात्पुरता माणूस खेळतो. ठीक असेल तर तो परत येतो. प्रीमियर लीग, फ्रान्सची लीग आणि अमेरिकेची एमएलएस यांनी हाच प्रयोग करायची परवानगी मागितली होती, पण नियम करणाऱ्या मंडळाने २०२३ मध्ये ती दिली नाही. शिट्ट्या मारायच्याच तर यासाठी मारूया.

आणि आपल्याकडे? खडकीत, कॅम्पात, पिंपरीत, कुठल्याही पावसाळी सामन्याला जा. डॉक्टर सोडा, बर्फ नसतो. मुरमावर डोकं आपटलेल्या पोराला कोच विचारतो, ‘खेळतोस ना?’, मी विचारलं होतं तसंच. २००४ साली फेडरेशन कपच्या फायनलमध्ये गोव्याच्या डेम्पोचा क्रिस्तियानो ज्युनियर बंगळुरूत गोलकीपरशी टक्कर होऊन कोसळला आणि वारला. ती देशातली मोठी स्पर्धा होती. आपल्या सेव्हन-अ-साइडच्या स्पर्धांचं काय सांगावं.

मी दोन-तीन आयोजकांना भेटलोय. मागणी छोटी आहे: प्रत्येक सामन्याला लाईनबाहेर एक माणूस असावा, दोन्ही बेंचांपैकी कुणाचाच नसलेला. डोक्याला मार लागला की खेळाडूशी बोलणार तो, आणि त्याने ‘आज बस’ म्हटलं की कोच, कप्तान, पालक कुणाचं चालणार नाही. आयोजक म्हणतात, मुलं ऐकणार नाहीत, आणि लोक म्हणतील फिक्स आहे. माझं ऐकणार नाहीत हे बरोबर आहे. मी दोन वर्षं कॉलेज खेळलेला माणूस. पण पन्नास वर्षं मैदान पाहिलेला, सहा टाके मिरवणारा स्टॉपर तिथे उभा असेल, तर खोटं लोळणाऱ्यालाही तो एका नजरेत ओळखेल आणि खऱ्या मार लागलेल्यालाही. ऑगस्टमध्ये स्पर्धा आहे. तुम्ही उभे राहाल का?