चाळिशीत गणितज्ञ संपतो, हे खोटं आहे

गणिताच्या विद्यार्थ्यांमध्ये एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचं सार असं: गणितातलं खरं काम तिशीच्या आत होतं. गाल्वा, आबेल, रामानुजन बघा. गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, फील्ड्स पदक, तोसुद्धा चाळिशीच्या आतल्यांनाच मिळतो. पुढे प्राध्यापक नुसता शिकवतो आणि जुन्या नावावर जगतो. परवा पीएचडीला नुकताच प्रवेश मिळालेल्या २७ वर्षांच्या एका मुलीने हा मजकूर मला पाठवला आणि विचारलं, "सर, मला उशीर झालाय का?" म्हणून नीट उत्तर लिहायला बसलो.

आधी ती तीन नावं. गाल्वा १८३२ मध्ये द्वंद्वात गोळी लागून गेला, विसाव्या वर्षी. आबेल १८२९ मध्ये क्षयाने, सव्विसाव्या वर्षी. रामानुजन १९२० मध्ये, बत्तिसाव्या वर्षी. यांची प्रतिभा आटली नव्हती, आयुष्य संपलं. मॉक थीटा फलांविषयीचं, म्हणजे त्यांनीच शोधलेल्या एका नव्या प्रकारच्या फलांविषयीचं पत्र रामानुजनांनी इंग्लंडमधले सहकारी गणितज्ञ हार्डी यांना जानेवारी १९२० मध्ये लिहिलं, एप्रिलमध्ये ते गेले. आजाराने पोखरलेला माणूस शेवटपर्यंत नवं काही शोधत होता, आणि आपण त्याचंच नाव घेऊन 'वयाबरोबर गणित सुटतं' म्हणायचं? मला हे फार लागतं.

फील्ड्स पदकाची वयोमर्यादा हा पुरस्काराचा नियम आहे. पुढच्या कामाला बळ मिळावं, हाही त्यामागचा हेतू. मेंदूची मुदत त्यावरून ठरत नाही. अँड्र्यू वाइल्स यांनी तीन शतकांहून जास्त काळ न सुटलेल्या फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता १९९३ मध्ये जाहीर केली, तीत चूक निघाली, आणि सप्टेंबर १९९४ मध्ये ती दुरुस्त झाली तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. नियमात बसत नव्हते, म्हणून १९९८ मध्ये त्यांना वेगळं रौप्य सन्मानचिन्ह दिलं गेलं. वर आलेल्या आबेलच्याच नावाने गणितासाठी दिल्या जाणाऱ्या आबेल पुरस्काराला वयाची अट नाही. तो त्यांना २०१६ मध्ये मिळाला.

'नुसता शिकवतो' हा आरोप मला सगळ्यात पोकळ वाटतो. यितांग झांग यांना पीएचडी मिळाली तीच छत्तिसाव्या वर्षी, १९९१ मध्ये. नंतर कित्येक वर्षं विद्यापीठात जागा नाही; काही काळ सँडविचच्या दुकानातही काम केलं. १९९९ पासून न्यू हॅम्पशायर विद्यापीठात व्याख्याते, वर्गात कलनशास्त्र शिकवणारे. जुलै २०१२ मध्ये कोलोरॅडोत मित्राकडे असताना ते हरणं दिसतात का बघायला मागच्या अंगणात गेले आणि तिथे त्यांना मूळ संख्यांच्या अडलेल्या प्रश्नातली वाट सापडली. २०१३ मध्ये त्यांनी सिद्ध केलं, की ७ कोटींपेक्षा कमी अंतर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. ७ कोटी हा आकडा मोठा वाटतो खरा, पण त्याआधी कुठलीच ठरावीक मर्यादा कोणाला सिद्ध करता आली नव्हती. एकदा ती मिळाल्यावर इतरांनी ती २४६ वर आणली. झांग तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होते. मोठे पुरस्कार आले तेही त्यानंतर.

आणि ते एकटे नाहीत. रोजे आपेरी यांनी १ + १/८ + १/२७ + … ही घनांच्या व्यस्तांची बेरीज अपरिमेय असल्याचं १९७८ मध्ये मांडलं, वय ६१. श्रोत्यांपैकी अनेकांचा आधी विश्वासच बसला नाही. मरिना रॅटनर यांची प्रसिद्ध प्रमेयं पन्नाशीनंतरची.

तिशीच्या आत झालेलं थोर काम मी नाकारत नाही. ते आहेच. पण 'गणित हा तरुणांचा खेळ' हे हार्डींचं १९४० मधलं वाक्य ज्या पुस्तकातून उचललं जातं, त्याच पुस्तकात त्यांनी स्वतःविषयी लिहिलंय, की आपला सर्वोत्तम काळ चाळिशी जरा ओलांडल्यावरचा, ऑक्सफर्डला प्राध्यापक असतानाचा. फिरणाऱ्या मजकुरात तेवढं मात्र कधी येत नाही.