जादा पैसे हवेत? मग आधी मालकाला घाम फुटू द्या

मंडळी, इंग्लंडात कुणी "तुला वरचे पैसे देतो" म्हणालं की लगेच पेढे वाटायला धावू नका. बदल्यात तुम्ही नवीन काय देताय ते कोर्ट विचारतं, कन्सिडरेशन म्हणतात त्याला. ठरलेलं काम ठरल्यासारखंच केलंत तर वरचे पैसे विसरा.

म्हणून पहिला सल्ला, फार इमानदारी दाखवू नका. 1809 सालच्या खटल्यातला तो खलाशी स्टिल्क बघा, लंडनहून बाल्टिकला गेलेलं जहाज, तिथे दोन खलाशी पळाले, बदली कुणी मिळेना, कॅप्टन म्हणाला पळालेल्यांचा पगार तुम्ही वाटून घ्या पण जहाज घरी न्या. यांनी बिचाऱ्यांनी नेलं! कोर्ट म्हणालं, ते तर तुमचं कामच होतं की. खरी गोची काय तर पळाले दोनच. 1857 च्या खटल्यात हार्टली नावाच्या खलाशाच्या जहाजावर 36 पैकी 19 च उरले, पुढे जाणं जिवावरचं झालं, तर त्याला पैसे मिळाले. तेव्हा सोबतचे पळत असतील तर अडवू नका, दोरी धरा.

समुद्र झेपत नसेल तर सुतार व्हा, आणि रेट इतका कमी लावा की काम अर्ध्यातच बसेल. विल्यम्सचं तेच झालं. 27 फ्लॅटचं लाकूडकाम, 20,000 पाउंड, पैसे पुरेनात, आणि त्याला काम देणाऱ्या रॉफी कंपनीच्या डोक्यावर उशिराच्या दंडाची तलवार, मग कंपनी स्वतःच म्हणाली 10,300 जादा घे, फ्लॅटमागे 575. दिले किती? 1,500. पण 1989 ला अपील कोर्टाने सुताराची बाजू घेतली, कारण दंड टळणं, दुसरा सुतार शोधायला न लागणं हा कंपनीचा फायदाच ना. फक्त धमकी देऊ नका हं, दबाव टाकून मिळवलेला शब्द टिकत नाही. नुसतं तोंड पाडून बसा, ऑफर त्यांच्याच तोंडून आली पाहिजे.

आणि देणं तुमच्याकडेच असेल, कमी पैशात मिटवायचं असेल, तर विल्यम्सच्या नावाने उड्या मारू नका. डॉ. फोक्सनी 2,090 पाउंडांचं देणं हप्त्याहप्त्याने फेडलं, व्याज मागणार नाही म्हणालेल्या बीअरबाईंनी, म्हणजे ज्यांचे पैसे होते त्यांनी, मग व्याज मागितलं, आणि 1884 ला हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, ते दिलं पण. त्यापेक्षा 1602 च्या पिनेल केसचा तोडगा बरा, पैसे कमी द्या पण सोबत एक घोडा द्या, चालतं. लंडनात घोडा कुठून आणायचा ते तुमचं तुम्ही बघा.