त्या ‘मनाली-लेह बस, १९७८’ मेसेजबद्दल खुलासा

‘१९७८ साली टुरिस्ट लोकल बसने मनालीहून लेहला जायचे’ असा मेसेज फिरतोय, मीपण तो परवा पुढे ढकलला, चूक माझीच. लडाख टुरिस्टना १९७४ ला खुलं झालं हे खरंय, पण मनाली-लेह रस्ता त्यांना १९८९ मध्ये खुला झाला. त्याआधी बस श्रीनगरहून, दोन दिवसांची, रात्री कारगिलला मुक्काम. मी स्वतः १९७९ ला तशीच गेलोय, झोजिला खिंडीत वन-वे म्हणून सोनमर्गला गाड्यांच्या रांगेत ताटकळलोय, आणि दुसऱ्या दिवशी ‘फोटू ला’ ही खिंड, उंची ४१०८ मीटर, तिथं डोकं असं ठणकत होतं की बाहेर बघायचं सुचलंच नाही. तर तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, ग्रुपवर टाकला असेल तर डिलीट करा.